चार्जर गेला म्हणून गाडी भंगारात घालू नका

बॅटरीवर चालणारी दुचाकी आता आपल्या खेड्यांत नवलाईची राहिलेली नाही. डेअरीला दोन कॅन दूध घालणारा, मळ्यात भाकरी पोचवणारी घरची सून, वस्तीशाळेचे मास्तर, पायाने अधू असल्यामुळे किक मारायची गाडी झेपत नाही असा माणूस, अशा कितीतरी जणांनी ह्या गाड्या घेतल्या. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर पासिंग नाही, लायसन्स नाही. त्यामुळे ह्या हळू गाड्या तर फारच खपल्या. पुढे केंद्र सरकारच्या 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ असा चालला आणि लिथियम बॅटरीच्या वेगवान गाड्याही गावात आल्या. पेट्रोल शंभरी पार गेलेले, त्यामुळे गाडी घेणाऱ्याचे गणित चुकले होते असे कोणी म्हणणार नाही.

आता त्या गाड्या पाच-सात वर्षांच्या झाल्या. टायर मिळतात, ब्रेकचे लायनर मिळतात, बॅटरीसुद्धा मिळते. अडते ते चार्जरपाशी. ज्या दुकानातून गाडी घेतली तिथे आज मोबाईलचे नाहीतर चहाचे दुकान असते. कंपनीचा फोन उचलला जात नाही. आणि शहरातल्या दुसऱ्या शोरूममध्ये गेले की ऐकायला मिळते, "ह्याचा चार्जर येत नाही दादा, गाडी एक्स्चेंजला द्या." म्हणजे हजार-दीड हजाराच्या वस्तूपायी पाऊण लाखाची नवी गाडी गळ्यात. आमच्या भागात एका गावी पोलिओने पाय गेलेला एक पानटपरीवाला आहे. त्याची गाडी अशीच तीन महिने ओट्याखाली उभी होती आणि तो रोज वीस रुपये देऊन रिक्षाने टपरीवर जात होता. शेवटी तालुक्याच्या टीव्ही मेकॅनिकने बघितले तेव्हा चार्जरची पिन जिथे वायरला जोडलेली असते तिथे आतल्या आत तार तुटलेली निघाली. ऐंशी रुपयांत काम झाले. म्हणून हा लेख.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. पण घरात बॅटरीचा फवारणी पंप नाही असा शेतकरी आता शोधावा लागतो. २०२४ साली कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात महाडीबीटीवरून असे पंप अनुदानावर मिळाले. त्यांच्या चार्जरची कथाही हीच आहे, फक्त आकडे लहान.

आधी चार्जरच गेला आहे का ते पाहा

दुकानात जाण्याआधी दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या किंवा गावच्या वायरमनकडून तासभर मागून आणा. मीटरची मूठ डीसी २०० व्होल्टवर ठेवून गाडीच्या चार्जिंग सॉकेटमध्ये दाब मोजा. बहुतेक गाड्यांत तिथे बॅटरीचा दाब दिसतो. काहीच दिसत नसेल तर सीटखालचा फ्यूज आणि एमसीबी बघा. एमसीबी खाली पडला असेल तर काही गाड्यांत चार्जिंगसुद्धा होत नाही, आणि लोक चार्जरला दोष देत बसतात. काही लिथियम गाड्यांत मात्र बॅटरीतली संरक्षक पाटी, जिला बीएमएस म्हणतात, ती बाहेर दाब दाखवू देत नाही. तिथे सॉकेटवर शून्य आले म्हणून लगेच घाबरू नये.

मग चार्जर भिंतीच्या प्लगला लावून त्याच्या पिनेवर दाब मोजा. दिवाच लागत नसेल तर प्लग, बोर्ड आणि भिंतीकडची वायर आधी तपासा. दिवा लागतो पण दाब येत नाही, असे असेल तर वायर पिनेजवळ हलवून बघा. दिवसातून दोनदा लावायची-काढायची वस्तू, तार तिथेच तुटते. इथेही एक खोच आहे. काही चार्जर, विशेषतः लिथियमचे, समोर बॅटरी असल्याशिवाय दाब सोडतच नाहीत. त्यामुळे नुसत्या पिनेवर शून्य आले एवढ्यावर चार्जर मेला असा निकाल देऊ नका, गाडीला जोडून दिवा काय करतो तेही बघा.

दिव्याची भाषा समजून घेतली तर निम्मे निदान घरी होते. साध्या चार्जरला लाल दिवा म्हणजे बॅटरी भरते आहे, हिरवा म्हणजे भरली. अर्ध्या तासात हिरवा होतो आणि गाडी दोन किलोमीटरही जात नाही, तर दोष बहुधा चार्जरचा नसून बॅटरीचा आहे. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवून दिली की तिच्या पाट्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर बसतो, जागा उरत नाही, आणि थोड्याशा विजेत ती 'भरली' असे दाखवते. पावसाळाभर गाडी न वापरता ठेवली तर हे हमखास होते. उलट बारा तास झाले तरी लालच, आणि एखादी बॅटरी हाताला गरम लागते आहे, तर त्या बॅटरीतला एखादा सेल बसलेला असू शकतो. अशा वेळी एकेक बॅटरी मोजावी. तासभर विसावलेली, चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. सगळ्या १२ च्या वर आणि एकच १०.५ किंवा त्याच्याही खाली असेल, तर चोर सापडला. अशा गाडीला नवा चार्जर घेतलात तर पैसे पाण्यात.

चार्जरच गेला हे नक्की झाले तरी पहिली फेरी दुरुस्तीवाल्याकडे. आतला फ्यूज, फुगलेला कपॅसिटर, बंद पडलेला पंखा, सुटलेले झाळण ही कामे शे-दोनशे रुपयांत होतात. पण स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. चार्जरच्या आत तीनशे व्होल्टच्या वर दाब धरून ठेवणारा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ झटका देऊ शकतो.

गाडीच्या पोटात काय आहे?

नवा चार्जर घ्यायची वेळ आलीच तर दुकानदाराला गाडीचे नाव सांगून भागत नाही. त्याला हवी असते बॅटरीची माहिती. बॅटरी कोणत्या जातीची, किती व्होल्टची आणि किती एएचची, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या चार्जरच्या लेबलाचा मोबाईलवर फोटो काढून न्या. त्यात 'आउटपुट' म्हणून जी ओळ असते ती महत्त्वाची.

लेबल पुसले गेले असेल तर सीट उघडा. विटेसारख्या काळ्या, जड, १२ व्होल्टच्या सुट्या बॅटऱ्या एकमेकींना वायरने जोडलेल्या दिसल्या तर ती लेड-ॲसिड. चार असतील तर ४८ व्होल्ट, पाच असतील तर ६०, सहा असतील तर ७२. गाडीच्या अंगावर काय छापले आहे त्यावर जाऊ नका, विटा मोजा. एकच पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी आणि ती आकाराच्या मानाने हलकी असेल तर ती लिथियम. तिच्यावर लेबल असते, त्यावर 'एनएमसी' लिहिले आहे की 'एलएफपी' ते बघा. ही लिथियममधली पोटजात आहे आणि तिच्यावर सगळे अवलंबून आहे.

सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर हे तपासायलाच हवे. आधीच्या मालकाने लेडच्या बॅटऱ्या काढून लिथियम पेटी बसवलेली असते आणि चार्जर मात्र जुनाच, लेडचा, डिकीत ठेवून दिलेला असतो. पिन बसते, दिवा लागतो, गाडी चालतेही काही दिवस. मग एके दिवशी पेटी फुगते. असा एक प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. सुदैवाने गाडी अंगणात होती.

आकड्यांचा घोळ

आता जरा सावकाश वाचा, कारण फसवणूक आणि अपघात दोन्ही इथेच होतात. बॅटरी '४८ व्होल्टची' म्हणतात तो तिचा नावापुरता आकडा. ती पूर्ण भरते तेव्हा दाब त्याहून बराच वर असतो, आणि तो किती वर हे जातीवर ठरते.

लेड-ॲसिडच्या एका १२ व्होल्टच्या बॅटरीला भरताना साधारण १४.४ ते १४.८ व्होल्टपर्यंत न्यावे लागते आणि भरल्यावर १३.५ ते १३.८ वर नुसते टेकवून ठेवावे लागते. म्हणजे चार बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या संचाला चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो आणि हिरवा दिवा लागल्यावर ५४-५५ वर उतरतो. पाच बॅटऱ्यांच्या ६० व्होल्टला हाच आकडा ७३-७४ च्या घरात जातो.

लिथियम एनएमसीचा एक सेल ४.२ व्होल्टला भरतो, त्याच्यावर एक पैसाही जास्त चालत नाही. ४८ व्होल्टच्या पेटीत बहुधा असे १३ सेल ओळीने असतात, म्हणून तिचा चार्जर ५४.६ व्होल्टचा. ३६ व्होल्टच्या सायकलीत १० सेल, चार्जर ४२ चा. ६० व्होल्टच्या पेटीत कुठे १६ सेल असतात तर कुठे १७, म्हणून चार्जर कुठे ६७.२ चा तर कुठे ७१.४ चा. ७२ ला २० सेल आणि ८४ व्होल्ट.

लिथियम एलएफपीचा सेल ३.६५ ला भरतो. १६ सेलच्या पेटीला ५८.४ व्होल्टचा चार्जर लागतो, २० सेलच्या पेटीला ७३ चा.

म्हणजे बघा, तिन्ही गाड्या '४८ व्होल्टच्या', पण एकीला ५९, दुसरीला ५४.६ आणि तिसरीला ५८.४. दुकानदार म्हणतो, "अठ्ठेचाळीसचा आहे ना, मग चालतो की." नाही चालत. ५४.६ वर थांबायला हवे त्या एनएमसी पेटीला ५९ चा लेडचा चार्जर लावला तर प्रत्येक सेलला साडेचारच्या आसपास दाब बसतो. बीएमएस नीट असेल तर मध्ये तोडते. पण जुन्या, स्वस्तातल्या पेटीची बीएमएस ऐन वेळी तोडेलच याची हमी कोण देणार? उलट ५४.६ चा लिथियम चार्जर लेडच्या चार बॅटऱ्यांना लावला तर आग लागत नाही, पण बॅटरी कधीच पुरती भरत नाही आणि सहा महिन्यांत क्षार धरून मरते.

म्हणून एकच खूण लक्षात ठेवा. लिथियम चार्जरवर सहसा ५४.६, ६७.२, ५८.४ असा दशांशाचा नेमका आकडा छापलेला असतो. नुसते ४८ किंवा ६० छापले असेल तर तो बहुधा लेडचा. आपल्या पेटीवर किंवा जुन्या चार्जरवर जो नेमका आकडा आहे तोच नव्यावर पाहिजे. "जवळपास" हा शब्द इथे चालत नाही.

अँपियरच्या बाबतीत मात्र थोडी सवड आहे. कमी अँपियरचा चार्जर बॅटरी हळू भरतो, बिघडवत नाही. २० एएचच्या बॅटरीला अडीच अँपियरचा चार्जर आठ तास आणि वर तास-दोन तास घेईल. लेडच्या बॅटरीला तिच्या एएचच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याइतके अँपियर बरे, म्हणजे २० एएचला दोन ते तीन. "पाच अँपियरचा घ्या, दोन तासांत फुल" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका, बॅटरी तापून तिचे पाणी उडते आणि बंद बॅटरीत ते परत घालता येत नाही. लिथियम पेटीवर जास्तीत जास्त किती अँपियरने भरावी ते लिहिलेले असते, त्याच्या आत राहावे.

पिन बसली म्हणजे जमले असे नाही

लेडच्या पुष्कळ गाड्यांना कॉम्प्युटरच्या वायरीसारखी तीन पिनांची सॉकेट असते. कुठल्या पिनेला अधिक आणि कुठल्या पिनेला उणे, याबाबत सगळ्या कंपन्यांचे एकमत नाही. त्यामुळे नवा चार्जर पिनेत बसला तरी आत उलट जोडणी असू शकते, आणि उलट जोडणी म्हणजे फट् असा आवाज आणि चार्जर, फ्यूज किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी गेले. मीटरने आधी गाडीच्या सॉकेटवर मोजा, लाल तार कोणत्या पिनेला लावल्यावर आकड्यापुढे उणेची खूण येत नाही ते बघून खडूने खूण करा. मग चार्जरच्या पिनेवर तसेच मोजा. दोन्ही जुळले तरच जोडा. जुळत नसेल तर दुकानदाराकडून पिनेच्या तारा बदलून घ्या, पाच मिनिटांचे काम आहे. पिनेचा आकारच वेगळा असेल तरी चार्जर नाकारायचे कारण नाही. जुन्या चार्जरची पिन कापून नव्याला झाळून घेता येते, तारा मात्र पुरेशा जाड असाव्यात.

ह्याच तीन पिनांच्या सॉकेटचा आणखी एक धोका आहे, तो घरात पोरेबाळे असणाऱ्यांनी ऐकून ठेवावा. कॉम्प्युटरची साधी वायर तिच्यात बरोबर बसते. ती भिंतीला लावून गाडीला खोचली की २३० व्होल्टची घरची वीज थेट बॅटरीत. जुनी कॉम्प्युटरची वायर गाडीच्या आसपास ठेवूच नका.

मिळतो कुठे, पडतो कितीला

पहिले ठिकाण तालुक्याचे बॅटरीचे दुकान, जिथे इन्व्हर्टर आणि ई-रिक्षाच्या बॅटऱ्या विकतात. त्यांच्याकडे ह्या चार्जरची ऊठबस असते. तिथे नसेल तर जिल्ह्याच्या गावी ई-रिक्षा दुरुस्त करणारे असतात, त्यांना विचारा. पुण्याला कोणी जाणार असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, पिना, वायरी, चार्जर सगळे मिळते. पण हातात फोटो नसताना दुसऱ्याला "चार्जर घेऊन ये" असे सांगून पाठवू नका. मागच्या पिढीत बैलाची मापे न घेता कोणी वेसण-जोते आणत नव्हते.

४८ व्होल्टचा लेडचा साधा चार्जर साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो, थोडे इकडे-तिकडे. लिथियमचा दीड हजारापासून पुढे, अँपियर वाढेल तशी किंमत वाढते. कंपनीच्या नावाच्या खोक्यात तीच वस्तू दुप्पट-तिप्पट भावाने मिळते. खोक्याला पैसे देऊ नका, पण अगदी तळातल्या भावाचाही घेऊ नका. हातात घेतल्यावर वायर कडक आणि बारीक लागते, लेबलावर आउटपुटचा आकडाच नाही, बिल द्यायला दुकानदार कां-कूं करतो, तिथून उठावे. बिलाचे सांगायचे तर, विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या चार्जरवर १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी १८ वरून ५ टक्के झालेला आहे. बिलात १८ टक्के लावले असतील तर का, ते विचारा. हजार रुपयांमागे एकशेतीस रुपयांचा फरक पडतो.

जमल्यास गाडी किंवा बॅटरीच दुकानात न्या आणि अर्धा-पाऊण तास लावून बघा. चार्जर कोमट झाला तर हरकत नाही, हात टेकवत नाही इतका तापला तर परत. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी हिरवा दिवा लागेपर्यंत जवळ बसून राहावे आणि शेवटचा दाब मीटरवर मोजून वहीत लिहावा. पुढे सहा महिन्यांनी काही बिघडले असे वाटले तर तोच आकडा उपयोगी पडतो.

एक गोष्ट राहिली. गाडीची किंवा बॅटरीची वॉरंटी अजून चालू असेल तर बाहेरचा चार्जर लावू नका, कंपनीला हात झटकायला कारण मिळते. आधी लेखी मागणी करा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही.

पंपाचा चार्जर अडचणीत कामाला येतो

फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्टची ८ किंवा १२ एएचची लेड बॅटरी असते आणि तिचा चार्जर दीड-पावणेदोन अँपियरचा असतो. गाडीचा चार्जर यायला आठ दिवस लागणार आणि गाडीशिवाय तर अडले आहे, अशा वेळी हा लहान चार्जर गाडीच्या लेड बॅटऱ्या एकेक करून भरू शकतो. बॅटऱ्यांमधल्या जोडवायरी सोडवून, एका वेळी एकच बॅटरी. २० एएचच्या एका बॅटरीला बारा-चौदा तास लागतात, म्हणजे चार बॅटऱ्यांना दोन दिवस-दोन रात्री. कंटाळवाणे आहे, पण चालते, आणि ह्या निमित्ताने कोणती बॅटरी कमजोर आहे तेही कळते. जोडवायरी सोडवण्याआधी कुठली कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. पाना दोन टोकांना एकदम टेकू देऊ नका. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा गॅरेजातला मोठा चार्जर मात्र ह्या लहान बॅटऱ्यांना लावू नये, त्याचे अँपियर सोसत नाहीत. आणि हा उपाय लिथियम पेटीला अजिबात करायचा नाही.

नव्या काही पंपांतही लिथियम आली आहे. तिथेही तेच. लेडच्या पंपाचा चार्जर १४.४ च्या आसपास जातो, तीन सेलच्या लिथियम पंपाला १२.६ चाच पाहिजे. दोन पंप घरात असतील तर चार्जरवर रंगाने खुणा करून ठेवा, गडी माणूस हाताला येईल तो लावतो.

मोटरच्या खोपटात चार्जिंग

पुष्कळजण शेतात वस्ती असल्यामुळे विहिरीवरच्या मोटरच्या बोर्डातून चार्जर जोडतात. ह्यात चार्जर जातातच, आणि माणूसही जाऊ शकतो. शेतीपंपाची जोडणी तीन फेजची असते. तिथे दोन फेजच्या मध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो, आणि २३० च्या चार्जरला तो मिळाला की क्षणात धूर. न्यूट्रल नाही म्हणून एक फेज आणि दुसरी तार जमिनीत खुंटी ठोकून, असाही जुगाड चालतो. त्या खुंटीच्या आसपासची ओली जमीन म्हणजे जनावराचा आणि माणसाचा काळ. वस्तीवर सिंगल फेजची अधिकृत जोडणी असेल तरच चार्जिंग करावे, नाहीतर बॅटरी गावातल्या घरी आणून भरावी. खर्चाची भीती बाळगायचे कारण नाही. ४८ व्होल्ट, २० एएचची बॅटरी पुरती भरायला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की चार्जर भिंतीवरून काढून ठेवा, नुसते बटण बंद करून भागत नाही. चार्जर डिकीत टाकून खड्ड्यांतून फिरवू नका, आतले झाळण सुटते. आणि चार्ज करायची जागा बघा. कापसाची गंजी, कडबा, गोठ्याचे सप्पर, डिझेलचा डबा ह्यांच्याजवळ नको. लेड बॅटरी भरत आली की तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून कोंदट खोलीतही नको. मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत वेल्लूरला घरात चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि धुराने कोंडून बाप-लेकीचा जीव गेला. रात्री गाडी दारातून आत घेऊन उंबऱ्याजवळ चार्जिंगला लावायची आणि सगळ्यांनी आत झोपायचे, ही आपली सवय मोडायलाच पाहिजे. बाहेर पडायची वाट तीच एक असते.

ग्रामपंचायतीची घंटागाडी

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी थोडेसे. कचऱ्यासाठी घेतलेली बॅटरीवरची घंटागाडी बऱ्याच गावांत शाळेच्या भिंतीला टेकून धूळ खाते आहे. कारण विचारले तर "चार्जर नाही" एवढेच उत्तर. ह्या गाड्यांत बहुधा ई-रिक्षासारख्या मोठ्या, १०० एएच किंवा त्याहून मोठ्या लेड बॅटऱ्या असतात. त्यांना दुचाकीचा तीन अँपियरचा चार्जर लावला तर दीड दिवसही पुरत नाही. रोज अर्धीमुर्धी भरलेली बॅटरी वर्षभरात निकामी होते आणि मग चार्जरचा खर्च वाचवायच्या नादात बॅटऱ्यांचा खर्च अंगावर येतो. तिथे १० ते १५ अँपियरचा चार्जर पाहिजे.

दरपत्रके मागवताना "चार्जर, १ नग" एवढेच लिहिले जाते, आणि सर्वात कमी दराचा जो येतो तो बसत नाही. बॅटरीची जात, बॅटऱ्यांची संख्या, एएच, चार्जरचा शेवटचा दाब, अँपियर, पिनेचा प्रकार आणि वॉरंटी किती महिने, हे सगळे मागणीत लिहा. पुरवठादाराने गाडीला लावून, हिरवा दिवा लागल्यावरच बिल मंजूर होईल अशी अट घाला. चार्जरची जडवस्तू नोंदवहीत गाडीपासून वेगळी नोंद करा आणि तो कोणाच्या ताब्यात आहे ते नाव तिथेच लिहा. नवा ड्रायव्हर आला की चार्जर हरवला, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

जुन्या मेलेल्या लेड बॅटऱ्या भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो. चार जुन्या बॅटऱ्यांच्या मोबदल्यात वजा होणारी रक्कम नव्या चार्जरच्या किमतीला हातभार लावते. भंगारवाला त्या ओढ्याकाठी फोडतो, आम्ल मातीत जाते आणि शिसेही.

गावातल्या तीन-चार जणांच्या गाड्या एकाच जातीच्या असतील तर मिळून एक जादा चार्जर घेऊन ठेवायलाही हरकत नाही. डेअरीत किंवा सोसायटीच्या कार्यालयात तो ठेवावा, वर मोठ्या अक्षरांत 'लेड, ४८, चार बॅटऱ्या' असे लिहावे, आणि नेणाऱ्याने वहीत सही करून न्यावा.